पहाटेची गाडी

आमच्या घरात गावाला निघायची वेळ एकच होती. पहाटे पाच. महाबळेश्वर असो, पुण्याचं लग्न असो की कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन, साडेचारला अण्णा सगळ्यांना उठवायचे आणि पाचाच्या ठोक्याला गाडी गल्लीतून बाहेर पडलेली असायची. धाकट्या भावाला पांघरुणासकट उचलून मागच्या सीटवर टाकायचे. आई थर्मासचं झाकण आवळत पुढे बसायची. पुण्याकडे निघालेलो असलो तर शिरवळच्या आसपास उजाडायचं, आणि त्या उजेडात भाऊ पहिल्यांदा डोळे उघडून विचारायचा, "कुठं चाललोय?" सातारच्या आमच्या पेठेत अण्णांच्या वकिलीपेक्षा त्यांच्या शिस्तीचाच लौकिक मोठा होता. त्या पहाटेचं खरं कारण मला कळलं ते अण्णा गेल्यावर तीन वर्षांनी, एका रेडिएटरवाल्याच्या दुकानात उकिडवं बसून.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७९ ची. पण तिला पद्मिनी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. ती फियाट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली खरी. पण चितोडच्या राणीला लोकांनी दाद दिली नाही, माहेरचंच नाव चालू ठेवलं. मुंबईने तिला काळापिवळा रंग दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रात आलेला तिचा फोटो आईने कापून देवघराच्या खणात ठेवला. आमची मात्र फिकट आकाशी. बॉनेटच्या टोकाला रंग उडालेला, कारण तिथेच हात टेकून अण्णा ते उघडायचे, आणि ते वारंवार उघडायचे.

१९९६ च्या मे महिन्यात पुण्यात मामेबहिणीचं लग्न होतं. मुहूर्त साडेबाराचा, पंगती उठायला अडीच वाजले. आमच्या हयातीत पहिल्यांदाच गाडी भर दुपारी परतीला लागली. खंबाटकीच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. अण्णांनी गाडी कडेला घेतली, पण तोवर इंजिनातून कुणी तरी डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज सुरू झाला होता. सगळी वरात रस्त्याच्या कडेला एका आंब्याखाली बसली. गाडी ट्रकला दोर बांधून सातारला आली.

"वकीलसाहेब, हेड वाकलं. पिस्टन चिकटलेत. ह्या इंजिनात आता राम नाही," असं मिस्त्रींनी सांगितलं. अण्णांनी जन्मभर न्यायाधीशांसमोर उलटतपासण्या घेतल्या. मिस्त्रींना मात्र त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. इंजिन उतरलं. त्याच्या जागी प्रीमियरनेच १९८५ मध्ये काढलेल्या ११८ एनई या चौकोनी गाडीचं इंजिन आलं. ते मुळात निस्सानचं. फियाटचं १०८९ सीसी, हे ११७१. मागून चेपलेली एक ११८ एनई कराडच्या भंगारात मिस्त्रींना सापडली होती. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या असल्या तरी इंजिनांची सोयरीक काही ठरलेली नव्हती. माउंटिंग कापून नव्याने वेल्ड केली, प्रोपेलर शाफ्ट लेथवर जाऊन आला, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर रद्द होऊन मजल्याला भोक पाडून नवा दांडा वर आला. तो नेमका आई आणि अण्णांच्या मधे उभा राहिला. आई वर्षभर त्याच्याकडे न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. आरटीओत जाऊन अण्णांनी नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवून घेतला. तिथे मात्र त्यांनी एकही कागद कमी पडू दिला नाही.

रेडिएटर जुनाच राहिला. "कंपनीचा आहे, तांब्यापितळेचा. असा माल आता मिळायचा नाही," मिस्त्री म्हणाले. खोटं काहीच बोलले नाहीत. बाहेरून ब्रश मारून, काळा रंग देऊन त्यांनी तो परत जागेवर बसवला.

जुनं इंजिन किलोवर गेलं. किती रुपये आले ते आठवत नाही, पण त्या पैशांत अण्णांनी गाडीला नवे मॅट घेतले एवढं आठवतं.

अण्णा २०२१ मध्ये गेले. गाडी भावाला नको होती, विकायला आईचं मन होईना, म्हणून ती मी घेतली. मी पुण्यात राहते, नोकरीतून मोकळी झाले आहे, आणि मला पहाटे उठवत नाही. साहजिकच गाडी दहा-अकराला निघू लागली. पहिल्याच उन्हाळ्यात कात्रजच्या चढाला टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला जाऊन टेकला.

गाडी तापते म्हटलं की जो भेटेल तो वैद्य होतो. एकाने सांगितलं, वॉटर पंप गेला. दुसरा म्हणाला, "ताई, थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्या हवेत कशाला लागतो तो?" आमच्याकडच्या गॅरेजांत थर्मोस्टॅटवर एवढा राग का आहे, मला कळलेलं नाही. पाणी ठरावीक तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच तर त्या बिचाऱ्याचं काम. पण तो अडवणारा म्हणून सगळ्यांना संशयित. (मी तो काढून, दोरीने बांधून, उकळत्या पातेल्यात सोडून पाहिला. ८० च्या पुढे तो शहाण्यासारखा उघडला.) तिसऱ्याने थेट सल्ला दिला, गाडी विका. पण या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. बॉनेट उघडल्यावर इंजिन बघून ते मान हलवायचे: "हे हिचं इंजिन नव्हे. बाहेरचं बसवलंय. मग तापणारच."

मलाही ते पटलं होतं. घरात नवीन आलेल्यावर आळ घ्यायला आपल्याला वेळ लागत नाही. शिवाय हिशोबही बरोबर दिसत होता. जाळलेल्या पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा रेडिएटरने बाहेर टाकायचा असतो. इंजिन मोठं बसवलं की तो हिस्साही वाढतो आणि रेडिएटर मात्र जुन्या मापाचा. पटलं, आणि तरीही मनात एक खोच राहिली. सातारच्या एका लग्नाला मीच एकदा नाइलाजाने पहाटे निघाले होते, तेव्हा याच इंजिनाने खंबाटकी काटा न हलवता चढली होती.

म्हणून वही केली. शंभर पानी, शाळेची. गाडी कधी तापते हे लिहायचं. का तापते ते नाही. तारीख, वेळ, चढ की सपाट, उभी की पळती, काटा कुठे. जुन्या गाड्यांवर प्रेम करणारी काही मंडळी ओळखीची झाली होती, त्यांच्याकडून एक गणित शिकले होते. सिग्नलला उभी असताना काटा चढला आणि पळायला लागल्यावर उतरला, तर दोष हवेचा: पंखा बघा. पळताना किंवा चढाला काटा चढला आणि उभी केल्यावर उतरला, तर दोष पाण्याचा: ते वाहत नाही. सकाळी सुरू केल्याबरोबर पाच मिनिटांत चढला तर गॅस्केटची शंका. महिनाभराने वही वाचली तर आमची गाडी सिग्नललाही तापत होती आणि चढालाही. तेव्हा आणखी गोंधळ झाला. दोन वेगळे आजार एका अंगात असू शकतात हे माणसांच्या बाबतीत मला माहीत होतं, गाडीच्या बाबतीत सुचलं नाही.

मग एकेक गोष्ट बाजूला काढत गेले. गॅस्केट आधी. ऑइलच्या झाकणाखाली ताक घुसळल्यासारखा पांढरट फेस नाही. थंड गाडीचं रेडिएटरचं टोपण काढून, सुरू करून बघितलं, बुडबुडे नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. गॅस्केट निर्दोष. ब्रेक धरून राहतात का म्हणून चार किलोमीटर जाऊन चारही चाकांच्या मधोमध हात लावून पाहिला. चारही सारखीच कोमट. डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग मागे असेल तर ठिणगी उशिरा पडून इंजिन तापतं. ते एका जुन्या जाणत्याकडून तपासून घेतलं. खालचा होज पाईप वेगात चपटा होतो का, तेही पाहिलं. तो ओढून घेणाऱ्या बाजूचा असतो, आत स्प्रिंग नसेल तर आवळून बसतो. बसत नव्हता.

टोपण मात्र दोषी निघालं. त्याचा रबरी वॉशर लाकडासारखा झाला होता. रेडिएटरचं टोपण म्हणजे कुकरचं झाकण समजा: ते जेवढा दाब धरून ठेवतं, तेवढं पाणी उशिरा उकळतं. दाब धरलाच नाही तर पाणी साध्या पातेल्यासारखं वागणार, आणि साध्या पातेल्यातलं पाणी पाचगणीला तेराशे मीटरवर ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. घाटाच्या माथ्यावर गाड्या का फुसफुसतात याचं निम्मं उत्तर त्या दोन बोटं रुंद वॉशरमध्ये असतं. नवीन टोपण घातलं. गाडी उकळायची थांबली, तापायची नाही.

नंतरची गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते. डॅशबोर्डवरचा काटा खरं बोलतो कशावरून, अशी शंका आली. काटा फियाटचा, त्याला खबर देणारा सेंडर निस्सानच्या इंजिनावरचा. दोघांची भाषा एक असेलच असं नाही. तेव्हा कोविडमध्ये घेतलेली ताप मोजायची बंदूक काढली आणि थर्मोस्टॅटच्या घरावर रोखून चाप ओढला. तिने लाल दिवा लावून "हाय" असं दाखवलं. ती ४३ च्या पुढे मोजतच नाही. माणसाचा ताप तेवढ्यावरच संपतो. मग कारखान्यात वापरतात तसली आणली. तिने ६१ दाखवले. इंजिन तर हात लावू देत नव्हतं. चकचकीत ॲल्युमिनिअमवर ती कमी आकडा दाखवते, हे कळायला आणखी एक दिवस गेला. मग विजेची काळी टेप चिकटवून तिच्यावर रोखली: ९८. काटा थोडं वाढवून सांगत होता, पण खोटं सांगत नव्हता.

पंख्याचा दोष वर्तमानपत्राने सापडला. गाडी जागेवर सुरू ठेवून रेडिएटरच्या पुढून कागदाचा ताव धरायचा. पंखा नीट ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून बसतो. मी अख्खं पान धरलं. त्याचा खालचा भाग ओढला जाऊन चिकटला आणि वरचा निम्मा कागद माझ्या अंगावर मोडून पडला. तीनदा केलं, तीनदा तेच. वाकून बघितलं तेव्हा साधी गोष्ट दिसली. निस्सानचं इंजिन बसवताना ते मूळ जागेपेक्षा थोडं खाली आणि चार बोटं मागे बसलं होतं. पंखा इंजिनाबरोबर गेला. रेडिएटर जागेवरच राहिला. आता पंखा रेडिएटरच्या खालच्या निम्म्यातूनच हवा ओढत होता, आणि मधल्या फटीतून इंजिनाचीच गरम हवा पुन्हा घेत होता. दोघांत कुणाचीच खोड नव्हती. त्यांच्यामधली जागा कुणाच्याच हिशोबात धरलेली नव्हती. डबे करणाऱ्याकडून पत्र्याचं एक कडं करून घेतलं, रेडिएटरच्या चारही बाजू झाकून पंख्यापाशी गोल होणारं. एका दुपारचं काम. दुसऱ्या दिवशी स्वारगेटच्या गर्दीत अर्धा तास अडकले, काटा मधे उभा.

कात्रजचा चढ लागला, आणि तो पुन्हा वर.

वहीत आता एकच ओळ उरली होती: चढाला. म्हणजे पाणी. त्या काळ्या टेपच्या बारीक पट्ट्या रेडिएटरवर आडव्या लावल्या आणि बंदूक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. मधे ८८, ८५. डाव्या बाजूला ५२. उजव्या कोपऱ्यात ४७. गरम पाण्याने भरलेल्या वस्तूचा कोपरा गार लागतो तेव्हा तिथे पाणी जातच नसतं.

सातारला एक रेडिएटरवाले चाचा आहेत. सत्तरीचे, दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि पाण्याची एक टाकी. त्यांनी रेडिएटर हातात घेतला, तोलून बघितला आणि म्हणाले, "जड आहे." मला वाटलं कौतुक आहे. "रिकामा एवढा जड नसतो, ताई." मग ज्योत लावून त्यांनी कथलाचा डाग सोडवला आणि वरची टाकी झाकणासारखी उचलली. आत नळ्यांच्या तोंडांची ओळ: चपटी, बारीक, मधाच्या पोळ्यासारखी. निम्म्याहून अधिक तोंडं बुजलेली. लहानपणी दिवाळीआधी न्हाणीघरातला तांब्याचा बंब खरवडताना आतून जसे पांढरे पापुद्रे निघायचे तेच इथे होते, मधे मधे गंजाचा विटकरी थर, पुन्हा पांढरा, पुन्हा विटकरी. चाचांनी पोलादाची चपटी पट्टी घेऊन एकेक नळी आरपार करायला घेतली. याला रॉडिंग म्हणतात. पट्टी दोन इंच जायची आणि अडायची. ते ती मागेपुढे करत, फुंकर घालत, पुन्हा घालत. वर्तमानपत्रावर भुकटीचा ढीग वाढत होता.

"नळाचं पाणी नाही हे," चाचा म्हणाले. "जिथं मिळालं तिथलं घातलंय. विहिरीचं, ओढ्याचं. आणि आत्ताचं नाही ताई, तीस-चाळीस वर्षांचं आहे. तळाचा थर बघा, दगड झालाय."

मी बघत बसले. खंबाटकीतलं टाकं, पसरणीच्या घाटातला झरा, वरंध्याला पावसाळ्यात कड्यावरून पडणारी धार, कुठल्याशा मळ्यातला मोटेचा पाट. अण्णा हातात पत्र्याचा डबा घेऊन उतरायचे. बॉनेटला हात टेकायचे. फडकं टोपणावर टाकून मान वळवून फिरवायचे. आम्हा मुलांना तो थांबा म्हणजे पाय मोकळे करायची आणि करवंदं शोधायची वेळ. प्रत्येक वेळी गाडी निघायची, आणि डब्यातल्या पाण्यातला थोडासा चुना नळ्यांना धरून मागे राहायचा.

आणि तेव्हा १९९६ चा मे डोळ्यांपुढे आला. हेड वाकलं होतं, पिस्टन चिकटले होते, ते सगळं खरं. पण ते कशाने? मिस्त्रींनी मेलेलं इंजिन बाहेर काढलं, आणि ज्याने मारलं त्याला काळा रंग देऊन पुन्हा जागेवर बसवलं. मग पंचवीस वर्षं नव्या इंजिनाला आम्ही त्याच्याच हवाली केलं आणि दोषही इंजिनालाच दिला. उलटतपासणीत हयात गेलेल्या माणसाच्या घरात हे घडलं.

संध्याकाळी घरी आले. आई अंगणात शेंगा निवडत होती. तिला विचारलं, "आपण नेहमी पहाटेच का निघायचो गं?"

"गाडी उन्हात तापायची म्हणून. दुसरं काय?"

"मग सगळे अण्णांना शिस्तीचे म्हणायचे ते?"

"लोक म्हणत होते. आपण कशाला नाही म्हणा."

म्हणजे आई आणि अण्णा दोघांनाही ठाऊक होतं की गाडी उन्हाला भिते. दुरुस्तीऐवजी त्यांनी घराचं घड्याळ बदललं. हे खर्च वाचवायला केलं की मिस्त्रींच्या शब्दावर विश्वास म्हणून, की पहाटेची ती वेळ अण्णांनाच आवडायला लागली होती, हे आता विचारायला ते नाहीत. मला तिसरं कारण खरं वाटतं. झुंजूमुंजू होताना काच खाली करून ते गुणगुणायचे. इतर वेळी त्यांना गाताना मी ऐकलेलं नाही.

चाचांनी दोन दिवसांनी रेडिएटर दिला. टाकीला पुन्हा कथलाचा डाग देऊन, पाण्यात बुडवून, हवा भरून बुडबुडे बघून. हातात घेतला तर लहान मुलासारखा हलका. जाताना त्यांनी बजावलं, "आता ओढ्याचं पाणी घालायचं नाही. कूलंट, आणि बॅटरीत घालतात तसलं पाणी." मी मान डोलावली. भुकटीची पुडी मागून घेतली तेव्हा ते हसले, पण त्यांनी ती बांधून दिली.

गेल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता आईला घेऊन वाईहून पसरणीचा घाट चढले. ती पुढच्या सीटवर, मधे निस्सानचा दांडा. हॅरिसन फॉलीपाशी गाडी थांबवली तेव्हा काटा मधल्या रेघेवर होता. मी तिला तो दाखवला. "छान आहे," आई पदराने वारा घेत म्हणाली, "पण पहाटे निघालो असतो तर एवढं उकडलं नसतं."

२०२९ मध्ये गाडीला पन्नास वर्षं पूर्ण होतील. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद करता येते, नंबरात "व्हीए" ही अक्षरं मिळतात. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. आमच्या फियाटला ती अक्षरं मिळणार नाहीत. रेडिएटर मात्र कंपनीचाच आहे.